बारा टक्के बिलो भरलेस, पण ते बारा टक्के कोणाचे?

या वेळचं पत्र एका ठेकेदाराचं आहे. थोडं कापून देते.

"ताई, मी तुमच्या मुलाच्या वयाचा आहे, मला अरे-तुरेच करा. वडील गेले आणि त्यांचा ठेका माझ्याकडे आला. आमच्या नगरपरिषदेचं कचरा उचलायचं आणि रस्ते झाडायचं काम आहे, ६० माणसं, जास्त करून बायका. माणसांच्या खर्चाचं इस्टिमेट महिन्याला १४ लाख होतं, आम्ही १२ टक्के बिलो, म्हणजे इस्टिमेटपेक्षा तेवढा कमी दर, भरून काम घेतलं, १४ महिने झाले. पगार बँकेत पूर्ण जमा होतो पण नंतर मुकादम प्रत्येकाकडून २,५०० रुपये परत घेतो. वडिलांच्या वेळेपासून हेच चालू आहे आणि आजूबाजूच्या गावांत पण सगळे हेच करतात. दिवाळीला आम्ही साडी आणि फराळ देतो, पोरांना वह्या देतो, सोशल रिस्पॉन्सिबिलिटी म्हणून पेपरात फोटो येतो. मागच्या महिन्यात एक मावशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, साहेब, या महिन्याचे अडीच हजार पुढच्या महिन्यात दिले तर चालेल का, पोरीला दवाखान्यात न्यायचंय. मी हो म्हणालो, पण तेव्हापासून नीट झोप नाही. दोन महिन्यांनी नवीन टेंडर आहे. पूर्ण पगार देऊन हा धंदा होतच नाही का?"

अरे दादा, ती मावशी तुझ्याकडे उसने मागायला आली नव्हती रे. स्वतःच्याच पगारातले पैसे एक महिना स्वतःकडे ठेवू का, अशी परवानगी तिनं तुझ्याकडे मागितली. झोप उडाली ते बरंच झालं, वडिलांच्या काळापासून चालत आलेल्या गोष्टीवर झोप उडणारी माणसं कमी असतात, म्हणून तुला सविस्तर लिहितेय आणि काही गोष्टी कडक पण लिहिणार आहे.

आधी हिशोब करू. मी आयुष्यभर एका महापालिकेच्या लेखा विभागात ठेकेदारांची बिलं तपासली, त्यामुळे आकडे समोर असले की मला माणूस लवकर कळतो. किमान वेतनाचा विशेष भत्ता आपल्याकडे दर सहा महिन्यांनी बदलतो, जानेवारीत आणि जुलैत, त्यामुळे नेमका आकडा तू तुझ्या परिमंडळाचा, म्हणजे किमान वेतनाच्या ज्या गटात तुझं गाव येतं त्याचा, चालू महिन्याचाच घे, मी फक्त समजायला सोपं जावं म्हणून मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून १८,००० धरते. त्यावर ५ टक्के घरभाडे भत्ता म्हणजे ९००. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर धरला तरी मालकाचा हिस्सा, विमा आणि प्रशासन खर्च मिळून १३ टक्के होतात, म्हणजे १,९५०. ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, त्यातला मालकाचा हिस्सा सव्वातीन टक्के, साधारण ६१४. बोनस ८.३३ टक्के म्हणजे १,५००. झाले जवळजवळ २३,००० माणशी, आणि ६० माणसांचे १३ लाख ८० हजार. इस्टिमेट होतं १४ लाखांचं. म्हणजे एक पैसा बिलो न जाता भरलं असतंस तरी तुझ्या हातात २० हजार उरले असते, आणि त्यात हातमोजे, गमबूट, रेनकोट, साबण, बँकेचं व्याज आणि तुझं घर.

आता त्यातून १२ टक्के काढ. १४ लाखांचे राहिले १२ लाख ३२ हजार. खड्डा पडला १ लाख ४८ हजारांचा. भागिले ६०. येतात माणशी २,४६७.

बघितलंस? मुकादमानं अडीच हजार हा आकडा असाच नाही काढलेला. ज्या दिवशी तू लॅपटॉपवर १२ टक्के बिलो टाकलंस त्याच दिवशी प्रत्येक बाईच्या पगारातले अडीच हजार कापले गेले, वसुली फक्त नंतर सुरू झाली. नगरपरिषदेला वाटतं आपण जनतेचे पैसे वाचवले, तुला वाटतं आपण स्पर्धेत टिकलो, आणि पहाटे साडेपाचला नाक्यावर झाडू घेऊन उभी असलेली बाई तुमच्या दोघांची बचत भरते.

साड्यांबद्दल विचारलं नाहीस, नुसतं सांगितलंस, पण मला वाटतं उत्तर त्याचंच हवं होतं तुला. एका बाईकडून वर्षाला ३० हजार रुपये परत घेतले जातात. दिवाळीला तिला साडी मिळते आणि सोबत फोटो. ती साडी तिनंच विकत घेतलीय रे, फक्त रंग तू निवडलास. वह्यांचं पण तेच. तिच्या हातात तीस हजार राहिले असते तर पोराला वह्या, बूट आणि एखादी शिकवणी तिनं स्वतः लावली असती, आणि पोराला कुठल्या साहेबासमोर रांगेत उभं राहावं लागलं नसतं. आणि हातमोजे-रेनकोट दिले म्हणून बातमी छापून आणणारे पण आहेत, ती तर कामाची हत्यारं आहेत, ती देणं कराराचाच भाग असतो. तुझ्यासारख्या ठेकेदाराची सामाजिक जबाबदारी सात तारखेला कळते. महिन्याचा पगार सात तारखेच्या आत, पूर्ण, बाईच्या स्वतःच्या हातात. ते झालं की मग हवी तेवढी झाडं लाव आणि हवे तेवढे फराळ वाट, मी पण येईन खायला.

आता माझीपण एक गोष्ट सांगते, कारण तुला एकट्याला बोल लावणं बरोबर नाही. ठेकेदाराच्या बिलासोबत हजेरीपत्रक, बँकेचं स्टेटमेंट, पीएफ आणि ईएसआयसीची चलनं जोडलेली असायची, सगळं असलं की मी टिक करायचे, सही करायचे, फाइल पुढे. वर्षानुवर्षं. एकदा दुपारी एक झाडूवाली बाई जन्मदाखल्याच्या कामाला आली होती, ती चुकून माझ्या टेबलाशी आली, तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ज्या ठेकेदाराचं नाव होतं त्याचीच फाइल माझ्यापुढे उघडी होती. मी सहज म्हटलं बघा तुमचा पगार जमा झालाय. तर तिनं विचारलं, बाई, किती हो आहे माझा पगार? मला वाटलं चेष्टा करतेय. तिचं एटीएम कार्ड सुपरवायझरकडे होतं, पिन पण त्यालाच माहीत, तो दर महिन्याला तिच्या हातात रोख ठेवायचा. मी स्टेटमेंटवरचा आकडा वाचून दाखवला. ती एवढंच म्हणाली, "एवढा?" आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. त्या दिवशी मला कळलं की माझी टिक कशावर पडत होती. नियम असा होता की ठेकेदार पगार वाटतो तेव्हा मूळ मालकाचा, म्हणजे पालिकेचा, माणूस तिथे हजर पाहिजे आणि एवढे पैसे माझ्यासमोर दिले असं त्यानं लिहून सही केली पाहिजे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातलीच ही तरतूद. पगार बँकेत जायला लागले आणि आम्ही सगळ्यांनी धरून चाललं की आता बघायची गरजच संपली. मी नंतर वर लिहून दिलं, काय झालं ते इथे सांगण्यासारखं नाही, पण ते दहा वर्षं आधी लिहायला हवं होतं हे मला आजही बोचतं.

तुझं दुसरं वाक्य, "सगळे हेच करतात". बरं, करतात. पण सगळे ज्या दोन गोष्टींच्या भरवशावर करतात त्या दोन्ही कच्च्या आहेत.

पहिला भरवसा म्हणजे बाया बोलणार नाहीत. मुंबईत पण असंच वाटायचं. तिथे कचरा उचलणाऱ्या कंत्राटी माणसांना कागदावर कामगार म्हणायचेच नाहीत, स्वयंसेवक म्हणायचे, पगाराला मानधन म्हणायचे, म्हणजे कायदाच लागू नको. कचरा वाहतूक श्रमिक संघानं ती केस लढवली, २०१४ ला औद्योगिक न्यायाधिकरणानं कामगारांच्या बाजूनं निकाल दिला, महापालिका वर गेली, आणि एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं २,७०० कामगारांना कायम करायचा निकाल उचलून धरला. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक आहे वगैरे कारणांवरून त्यातल्या बऱ्याच जणांचं पुढेही अडकून राहिलं, ते दुखणं वेगळंच, पण "या बाया काय करणार" म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

दुसरा भरवसा म्हणजे हे ठेकेदार आणि कामगार यांच्यातलं आहे, पालिकेचा संबंध नाही. हे तर साफ चूक. ठेकेदारानं पगार दिला नाही किंवा कमी दिला तर मूळ मालकानं द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायचा हे १९७० पासून कायद्यात आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून जे चार लेबर कोड लागू झाले त्यातही हे तत्त्व तसंच आहे. त्यातल्याच एका, वेतन संहितेत कमी दिलेल्या पगाराचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि फरकाच्या दहा पटीपर्यंत भरपाई लागू शकते. तुझा १४ महिन्यांचा फरकच २१ लाख होतो, दहा पट तूच कर. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट सांगू का, १९८२ मध्ये दिल्लीत आशियाडची स्टेडियमं बांधताना ठेकेदार मजुरांची मजुरी कापत होते, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा कोर्ट म्हणालं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही वेठबिगारी आहे, घटनेच्या २३ व्या कलमाचा भंग. ठेकेदाराकडे बोट दाखवून सरकारला हात झटकता येणार नाहीत, हेही तेव्हाच सांगितलं. वेठबिगारी म्हटलं की आपल्याला जुने जमीनदार आठवतात. तुझ्या ऑफिसात मुकादमाची ती वही आहे ना, नावापुढे टिक केलेली, तीच ती.

आणि हे सगळं कशाबद्दल चाललंय, तर किमान वेतनाबद्दल, म्हणजे ज्याच्या खाली जायचंच नाही त्या रेषेबद्दल. घटनेच्या ४३ व्या कलमात शब्द वेगळा आहे, निर्वाह वेतन. माणूस नीट जगेल एवढा पगार. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेनं त्याच्या जवळ जाणारं एक सूत्र बसवलं होतं, गरजेवर आधारलेलं: नवरा, बायको, दोन मुलं मिळून तीन एकक, प्रत्येक एककाला दिवसाला २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीला २० टक्के. त्यात नवऱ्याचं पोट १ आणि बायकोचं ०.८ धरलंय. कचऱ्याची भरलेली ढकलगाडी चढावर नेणाऱ्या बायका मी रोज बघते, त्यामुळे ते ०.८ मला कधीच पटलं नाही. पुढे रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं की मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, यासाठी वर आणखी २५ टक्के धरा. तुझ्या मावशीची पोरगी आणि दवाखाना या २५ टक्क्यांतच येते. आपण ते धरणं लांब राहिलं, आहे त्यातूनच अडीच हजार काढून घेतोय.

तू विचारलंस धंदा होतच नाही का. होतो, पण टेंडर जसं निघतं तसं निघालं आणि तू जसं भरतोस तसं भरलंस तर नाही होत. म्हणून दोन महिने हातात आहेत ते वापर.

टेंडर निघालं की प्री-बिड मीटिंगला, म्हणजे दर भरायच्या आधीच्या बैठकीला, जा आणि लेखी प्रश्न दे, तोंडी नको, लेखी प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं. पहिली मागणी अशी कर की पगार, पीएफ, ईएसआयसी, बोनस, घरभाडे भत्ता हा भाग स्पर्धेतूनच बाहेर काढा, तो सगळ्यांना सारखाच, ठेकेदारांनी स्पर्धा करायची ती गाड्या, देखरेख आणि सर्व्हिस चार्जवर, म्हणजे स्वतःच्या मोबदल्यावर. पण तेवढ्यावर थांबू नकोस, कारण जिथे असं केलंय तिथे लोक सर्व्हिस चार्ज ०.०१ टक्का भरतात. आता ६० माणसांचं काम कोणी १३०-१४० रुपयांत सांभाळेल का? मग ते पैसे परत बायांकडूनच येतात. म्हणून जो कमी दर भरेल त्याच्याकडून दर पृथक्करण, म्हणजे तो दर कसा बसवला त्याचा तपशीलवार हिशोब, मागा, हे पण लिही. तिसरं म्हणजे विशेष भत्ता सहा महिन्यांनी वाढला की वाढीव रक्कम नगरपरिषद देणार का, हे टेंडरमध्ये लिहून घे, नाहीतर दुसऱ्या वर्षी प्रामाणिक माणूस पण बुडतो. घंटागाडी रविवारी पण फिरते, मग सहा माणसांमागे एक बदली माणूस इस्टिमेटमध्ये धरलाय का तेही विचार, मी बघितलेल्या बऱ्याच इस्टिमेटमध्ये तो नसायचाच आणि मग बायांची सुट्टी जायची.

आणि बिलाची मुदत. हे मी ठेकेदारांच्या बाजूनं बोलतेय, कारण हे खरंच अन्यायाचं आहे. तीन महिने बिल रखडलं की तुझे ४२ लाख अडकतात, १२ टक्के व्याज धरलं तर महिन्याला ४२ हजार फक्त व्याज. आपण वर बघितलं की इस्टिमेटमध्ये उरत होते २० हजार. म्हणजे पालिकेनं नुसता उशीर केला तरी पगार कापला जायची सोय झाली. पालिकेला कामगारांची एवढी काळजी असेल तर तिनं बिल वेळेवर काढलं पाहिजे, हे माझ्याच खुर्चीत बसलेल्या लोकांना सांगायचंय मला.

मग स्वतःचा खरा दर काढ. पगाराचे १३ लाख ८० हजार, हातमोजे-बूट-रेनकोटला माणशी ५०० धरले तर ३० हजार, एक महिन्याचं व्याज १४ हजार, तुझा नफा ७० हजार. १५ लाखांच्या आसपास जातंय, म्हणजे १४ लाखांच्या इस्टिमेटवर सात टक्के अबव्ह. तेवढंच भर. सोबत पानभर हिशोब जोड, ओळ न ओळ, आणि खाली लिही की यापेक्षा कमी दरात किमान वेतन देता येत नाही. त्या कागदाची पोच घे.

हरशील कदाचित. खोटं कशाला सांगू. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, दुसरा कोणीतरी येईल आणि १५ टक्के बिलो भरेल, आणि बाजारात तुला शहाणा म्हणून हिणवतील. पण मुख्याधिकाऱ्यांच्या फाइलला तुझा कागद लागलेला असेल की एवढ्या दरात कायद्यानं पगार निघत नाही, आणि हे माहीत असून ज्यानं काम दिलं त्याला उद्या लेबर ऑफिसरपुढे "आम्हाला कल्पना नव्हती" म्हणता येणार नाही. असा कागद मला माझ्या सगळ्या नोकरीत एकाही फाइलमध्ये दिसला नाही. अमेरिकेत बाल्टिमोर नावाचं शहर आहे, तिथे १९९४ मध्ये चर्चच्या लोकांच्या लक्षात आलं की फुकट जेवणाच्या रांगेत उभी असलेली माणसं बेकार नाहीयेत, दिवसभर काम करतात, आणि त्यातली काही तर शहराच्याच ठेक्यांवर आहेत. त्यांनी शहराला विचारलं की आमच्या करातून ठेका देता आणि त्याच माणसांना जेवण आम्हीच घालायचं का, आणि त्याच वर्षी महापालिकेनं ठरवलं की आमचा ठेका पाहिजे तर ठरवलेला निर्वाह वेतनाचा दर द्यावाच लागेल, आणि तो दर साध्या किमान वेतनाच्या वर होता. म्हणजे अट खरेदी करणाऱ्यानंच घातली. आपल्या नगरसेवकांना पण ती घालता येते, सर्वसाधारण सभेत ठराव आणून, त्यांना फक्त कोणीतरी हिशोब समजावून सांगायला पाहिजे आणि तो तुझ्याएवढा चांगला कोणीच सांगू शकणार नाही, कारण पैसे कुठून निघतात ते तुला आतून माहितीय.

आता मागचे २१ लाख. एकदम देता येणार नाहीत हे मला पण कळतं. पण "झालं ते झालं" असं होणार नाही. मुकादमाची वही ताब्यात घे, कोणाचे किती घेतले ते लिहून काढ, ६० जणांना एकत्र बसवून मराठीत वाचून दाखव, आणि हप्ते ठरवून प्रत्येकीला सहीचा कागद दे, पैसे बँकेतूनच. युनियन असेल तर त्यांना बोलव, घाबरू नकोस. वकिलाचा सल्ला घे, तो कदाचित म्हणेल लेखी काही देऊ नको. तो तुझी बाजू बघेल, तेच त्याचं काम आहे, पण मला विचारशील तर दे. वडिलांबद्दल तुझ्या मनात जे चाललंय ते पत्रात तू लिहिलं नाहीस तरी दिसतंय. त्यांनी तुला ठेका दिला तसं हे देणं पण त्यातच आलं. फेडलंस तर वडिलांचंही फिटेल.

या महिन्याची वसुली आजच थांबव, टेंडरची वाट बघू नकोस. तोटा होईल, दोन महिन्यांचे तीन लाख, गाडी विकायला लागली तरी चालेल. मुकादमाकडे जेवढी एटीएम कार्डं असतील तेवढी उद्या सकाळी हजेरीच्या वेळी ज्याची त्याला परत कर आणि पिन बदलून घ्यायला सांग, ज्यांना जमत नाही त्यांच्यासोबत त्यांच्याच घरातलं कोणीतरी जाऊ दे, तुझा माणूस नको.

आणि त्या मावशीकडे स्वतः जा. तिचा ईएसआयसी नंबर निघालाय का ते विचार, कार्डावर पोरीचं नाव चढवलंय का ते बघ, नसेल तर त्याच दिवशी चढव, पोरीचे उपचार त्यात होतात आणि हे तिला कोणी सांगितलंच नसेल. अडीच हजार पुढच्या महिन्यात पण द्यायचे नाहीत, हे तिला तुझ्या तोंडून ऐकू दे.